एकाचे दोन दिसतात तेव्हा: मिलर फिशर, जीबीएस आणि पुण्याचं पाणी



२०२५ च्या जानेवारीत पुण्याहून येणाऱ्या बातम्यांतून एक परका शब्द आपल्या घरोघरी पोचला. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. कुणी त्याला 'गुइलेन बॅरे' म्हणत होतं, कुणी 'तो पुण्याचा आजार'. व्हॉट्सअ‍ॅपवर पनीर खाऊ नका, भात खाऊ नका, शेजाऱ्याला भेटू नका, असे निरोप फिरत होते. इथे परदेशात बसलेल्या आपल्यासारख्यांना काळजी करण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं.

आता तो गदारोळ ओसरला आहे. म्हणूनच शांतपणे दोन गोष्टी मांडाव्यात असं वाटलं. पहिली गोष्ट जीबीएसच्या एका लहान भावंडाची. त्याचं नाव मिलर फिशर सिंड्रोम. तो पायांपासून नव्हे, डोळ्यांपासून सुरू होतो आणि त्यामुळे सहज निसटतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. असा दुर्मिळ आजार एका ठिकाणी घोळक्याने दिसू लागला, की प्रश्न आजाराचा उरत नाही, पाण्याचा होतो.

मी डॉक्टर नाही. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझे आईवडील सिंहगड रस्त्याला धायरीत राहतात. त्यामुळे हा विषय माझ्यापुरता तरी 'सामान्य ज्ञान' या सदरात बसणारा नव्हता.

तीन खुणांचा आजार

मिलर आणि फिशर हे दोन डॉक्टर असावेत असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात माणूस एकच. चार्ल्स मिलर फिशर. जन्म १९१३, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात. पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून त्यांनी मोठं नाव कमावलं. पक्षाघाताच्या अभ्यासातही त्यांचं काम फार मोठं आहे. २०१२ साली ते गेले.

१९५६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात त्यांनी तीन रुग्णांची हकीकत लिहिली. तिघांतही एकाच वेळी तीन गोष्टी दिसत होत्या. डोळ्यांची हालचाल बंद पडली होती, चालताना तोल जात होता आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता. हातापायांतली ताकद मात्र जवळजवळ शाबूत होती. १९३२ साली जेम्स कोलिअर यांनीही या त्रिकुटाचा उल्लेख केला होता, पण ही जीबीएसचीच एक वेगळी तऱ्हा असावी, हे ठामपणे मांडलं ते फिशर यांनी.

मूळ जीबीएसची कथा आणखी जुनी आहे. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराचं वर्णन केलं. पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा, हरवलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात वाढलेली प्रथिनं. स्ट्रोल यांचं नाव पुढे मागे पडलं आणि दोघांचं टिकलं.

जीबीएस दरवर्षी साधारण लाखात एकदोघांना होतो. मिलर फिशर त्याहून विरळा. दहा लाखांत एकदोघांना. पाश्चात्त्य देशांत जीबीएसच्या रुग्णांपैकी सुमारे ५ टक्के या प्रकारचे असतात, तर जपानसारख्या पूर्व आशियाई देशांत हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे आशियाई घरांना या नावाची ओळख असायला हरकत नाही.

शरीराची ही गफलत होते कशी?

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. अँटीव्हायरस प्रोग्राम एखाद्या व्हायरसचा ठसा लक्षात ठेवतो आणि तो ठसा जिथे दिसेल ती फाइल उडवतो. समजा, तोच ठसा तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एखाद्या निर्दोष फाइलमध्येही असला, तर? व्हायरस जातो आणि त्याच्यासोबत मशीनही झोपतं.

या आजारात अगदी तसंच होतं. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा एक जंतू आहे. तो जगभर जुलाबांचं एक नेहमीचं कारण आहे. दूषित पाणी, अर्धवट शिजलेलं चिकन, न तापवलेलं दूध यांतून तो पोटात जातो. त्याच्या बाहेरच्या आवरणावरची काही साखरेची साखळी आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखी हुबेहूब दिसते. शरीर जंतूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं, आणि जंतू मेल्यावर तीच प्रतिपिंडं नसांवर तुटून पडतात.

मग कुणाचे पाय आणि कुणाचे डोळे, असं का? कारण सगळ्या नसांवर सारखेच रेणू नसतात. जीक्यू१बी नावाचा गँग्लिओसाइड डोळ्यांचे स्नायू हलवणाऱ्या तीन नसांवर विशेष दाट असतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की मिलर फिशरच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात नेमकी याच रेणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. आज हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात मानलं जातं. एवढं थेट कारण हाती असलेले नसांचे आजार फार थोडे आहेत.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. एक, जीबीएस किंवा मिलर फिशर हा स्वतः संसर्गजन्य आजार नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याचा हात धरल्याने तो होत नाही. पसरतो तो आधीचा जंतू. दोन, सुरुवात दर वेळी जुलाबांनीच होते असं नाही. मिलर फिशरच्या आधी सर्दी-खोकला झालेला असणं उलट जास्त आढळतं. संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी नसांची लक्षणं दिसू लागतात. तोवर तो जुलाब किंवा तो खोकला आपण विसरूनही गेलेलो असतो.

'चक्कर येते' म्हणजे नेमकं काय?

आता आपल्या कामाची गोष्ट. समजा तिकडून फोन आला. आई म्हणते, "दोन दिवस जरा चक्कर येतेय." बाबा म्हणतात, "चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक." आपण म्हणतो, डॉक्टरांकडे जाऊन या. संवाद इथेच संपतो.

मराठीतला 'चक्कर' हा शब्द फार उदार आहे. घर गरगर फिरतं तीही चक्कर, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर आणि चालताना पाय कुठे पडतो ते कळत नाही तीही चक्कर. डॉक्टरांच्या दृष्टीने या तीन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचं कारण बहुधा कानात, दुसरीचं रक्तदाबात आणि तिसरीचं नसांत किंवा लहान मेंदूत सापडतं. 'नंबर वाढला' याचंही तसंच. अंधुक दिसणं वेगळं आणि एकाचे दोन दिसणं वेगळं.

म्हणून फोनवर नेमकं विचारावं:

- वस्तू अंधुक दिसते, की एका दिव्याचे दोन दिवे दिसतात?
- दोन दिसत असतील तर एक डोळा हाताने झाकल्यावर एकच दिसतो का? तसं असेल तर दोष बहुधा चष्म्याचा नाही. दोन डोळे एका रेषेत हलत नाहीत, असा त्याचा अर्थ.
- पापणी खाली आली आहे का? व्हिडिओ कॉलवर हे आपल्यालाही दिसतं.
- चालताना पाय फाकवून चालावं लागतं का? भिंतीचा आधार लागतो का?
- गेल्या तीन आठवड्यांत जुलाब, ताप, सर्दी-खोकला झाला होता का?

या प्रश्नांतून निदान करायचं नाही. घाई किती करायची, एवढंच ठरवायचं. अचानक एकाचे दोन दिसू लागणं आणि तोल जाणं ही पक्षाघाताचीही लक्षणं असतात, आणि पक्षाघातात एकेक तास मोलाचा. त्यामुळे 'हा मिलर फिशर असेल, थांबून बघू' असं घरच्या घरी कधीही ठरवू नये. त्याच दिवशी, ज्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ आहेत अशा ठिकाणी न्यावं. गिळायला त्रास होत असेल, आवाज बदलला असेल, दम लागत असेल किंवा हातापायांत अशक्तपणा चढत असेल, तर क्षणाचाही उशीर नको.

निदान चुकण्याची कारणंही समजून घ्यायला हवीत. झोकांड्या खाणारा माणूस बघणाऱ्याला प्यायलेला वाटतो. वयस्कर माणसाला पक्षाघाताच्या रांगेत बसवलं जातं आणि एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. मग 'काही नाही, अशक्तपणा आहे' म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं. पाठीतल्या पाण्याची तपासणीही पहिल्या आठवड्यात निर्दोष येऊ शकते, आणि प्रतिपिंडांच्या चाचणीचा अहवाल यायला दिवस लागतात. गंमत अशी, की एवढ्या महागड्या यंत्रांच्या गर्दीत संशयाची पहिली खूण देते ती डॉक्टरांची साधी रबरी हातोडी. गुडघा ठोकला आणि पाय उडाला नाही, की जाणकार डॉक्टरचे कान टवकारतात. त्याच्या जोडीला 'पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते' एवढं एक वाक्य कुणी सांगितलं, तर चित्र पुष्कळ स्पष्ट होतं. ते वाक्य अमेरिकेतून फोनवर आपणही सांगू शकतो.

बरं होण्याची शक्यता आणि खिशाची तयारी

दिलासा देणारी गोष्ट ही, की निव्वळ मिलर फिशर असेल तर रुग्ण बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. तोल महिन्याभरात सुधारू लागतो, डोळे सरळ व्हायला तीनेक महिने लागतात आणि सहा महिन्यांत बहुतेक जण पूर्ववत होतात. अनेकांना विशेष औषधाचीही गरज पडत नाही. पण काही रुग्णांत हाच आजार पुढे सरकून जीबीएसचं रूप घेतो, श्वासाचे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर लागतो. म्हणून पहिले काही दिवस रुग्णालयाच्या नजरेखाली काढणंच शहाणपणाचं.

जीबीएसवर दोन उपचार सिद्ध झालेले आहेत. पहिला आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं. दुसरा प्लाझ्मा बदलणं, म्हणजे रक्तातला दूषित द्रव काढून त्या जागी स्वच्छ द्रव भरणं. दोन्हींचा गुण साधारण सारखाच. नुसती स्टेरॉइड देऊन फायदा होत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे.

आयव्हीआयजीची नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ कुप्या. पुण्यातल्या साथीत एका इंजेक्शनला २० हजार रुपयांपर्यंत मोजावे लागत असल्याच्या बातम्या होत्या. त्या दराने नुसतं औषध पावणेपाच लाखांच्या पुढे जातं. अतिदक्षता विभागाचं भाडं वेगळं. राज्य सरकारने त्या वेळी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत जीबीएससाठीची रक्कम ८० हजारांवरून १ लाख ६० हजार केली आणि काही सरकारी व महापालिका रुग्णालयांत मोफत उपचारांची सोय जाहीर केली. हे चांगलं झालं, पण हिशेबातलं अंतर उघड आहे.

पैशाअभावी उपचार अडतात तिथे प्लाझ्मा बदलण्याचा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. बांगलादेशात तर कमी खर्चात, थोड्या थोड्या प्रमाणात प्लाझ्मा बदलण्याच्या पद्धतीवर संशोधन झालं आहे. आणि आईवडील इकडे भेटीला येणार असतील तर स्वस्तातला ठरावीक रकमेचा प्रवासी विमा घ्यायचा, की थोडा महाग पण व्यापक विमा, हा निर्णय तिकीट काढतानाच घ्या. असा एक आजार सगळी बचत संपवू शकतो.

पुण्यात झालं काय?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात सिंहगड रस्ता परिसरातल्या रुग्णालयांत जीबीएसचे रुग्ण अचानक वाढल्याचं लक्षात आलं. नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे, पुण्याजवळचं), किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं रोज बातम्यांत येऊ लागली. महिनाअखेर रुग्णांची संख्या शंभरावर गेली. केंद्रातून तज्ज्ञांचं पथक आलं. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले, त्यांतल्या काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस सापडले. मार्चपर्यंत निश्चित आणि संशयित मिळून सुमारे २२५ रुग्ण आणि १२ मृत्यू, असा आरोग्य विभागाचा हिशेब होता.

हा आकडा मोठा की लहान? पुणे आणि पिंपरी-चिंचवडची वस्ती ७० लाख धरली, तर लाखात एकदोन या दराने वर्षभरात ७० ते १४० रुग्ण 'नेहमीचे' म्हणावे लागतील. इथे दोनेक महिन्यांत सव्वादोनशे झाले, आणि त्यांतले बरेचसे एका छोट्या पट्ट्यात. हा योगायोग असू शकत नाही.

आणखी एक ढोबळ हिशेब करून बघा. कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो, असं वैद्यकशास्त्र सांगतं. सगळे रुग्ण या जंतूमुळे झाले नसतील. पण समजा १०० जरी त्यामुळे झाले, तरी मागे लाखभर लोकांच्या पोटात तो जंतू गेला असावा. हे लाखभर लोक कुठल्याच यादीत नाहीत. त्यांनी दोन दिवस जुलाब सोसले, मीठ-साखरेचं पाणी प्यायले आणि कामाला गेले. जुलाबाची बातमी होत नाही, व्हेंटिलेटरची होते.

आमच्या भाषेत सांगायचं तर जीबीएस हा अलार्म होता. बिघाड सर्व्हरमध्ये नव्हता, खालच्या पाइपमध्ये होता. आपल्याकडे सगळी चर्चा अलार्मची झाली.

विहीर आणि विलीन झालेली गावं

बहुसंख्य रुग्ण नांदेड गावातल्या एका मोठ्या विहिरीच्या आसपासच्या भागातले असल्याचं अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं. त्या वेळच्या वृत्तांनुसार हे पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरिन टाकून लोकांना पुरवलं जात होतं. महापालिकेने परिसरातल्या पाण्याचे नमुने तपासले तेव्हा काही ठिकाणी क्लोरिनचा अंशही मिळाला नाही. पुढे काही खासगी आरओ प्रकल्पांनाही टाळं लागलं, कारण तिथलं 'शुद्ध' पाणीही शुद्ध नव्हतं.

नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये, आणखी वीस गावांसोबत, पुणे महापालिकेत आली. धायरी त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावांच्या तुकडीत. कागदावर ही सगळी 'शहर' झाली. इमारती तर आधीपासूनच शहराच्या होत्या, वीस-वीस मजली. पण शहराचं शुद्ध केलेलं पाणी नळाने घरापर्यंत येणं ही गोष्ट मागेच राहिली. मधली जागा विहिरी, बोअर आणि टँकरनी भरून काढली. खडकवासल्याचं धरण अक्षरशः उशाशी आणि टँकरची वाट बघणारी सोसायटी त्याच्या पायथ्याशी, हे चित्र सिंहगडावर भजी खायला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

त्या दिवसांत बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "उकळूनच पितोय रे. पण टँकर कुठे भरतो ते त्या टँकरवाल्यालाच ठाऊक. विचारलं तर म्हणतो, काका, पाणी हवंय की पत्ता?" हा विनोद नव्हे. शहराच्या एका मोठ्या भागाचं पाणी कुठून येतं याची नोंद पिणाऱ्याकडे नसते, हे त्याचं सार आहे.

इतर देशांत काय घडलं?

असं फक्त आपल्याकडेच होतं, असं समजायचं कारण नाही. २००० साली कॅनडातल्या वॉकर्टन या ५ हजार वस्तीच्या गावात विहिरीच्या पाण्यात शेणखताचे जंतू उतरले. ई. कोलाय आणि हाच कॅम्पिलोबॅक्टर. सुमारे २३०० लोक आजारी पडले आणि ७ दगावले. चौकशीत कळलं, की पाणी सोडणारे कर्मचारी क्लोरिनच्या खोट्या नोंदी करत होते. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थ या सुमारे १४ हजारांच्या गावात जोरदार पावसानंतर मेंढ्यांच्या लेंड्यांतला कॅम्पिलोबॅक्टर बोअरच्या पाण्यात गेला. ५ हजारांवर लोक आजारी पडले आणि ४ मृत्यूंचा या साथीशी संबंध जोडला गेला. काहींना पुढे जीबीएसही झाला.

फरक पडला तो नंतरच्या वागण्यात. वॉकर्टनची जाहीर न्यायालयीन चौकशी झाली, अहवाल छापला गेला आणि ओंटारिओ प्रांतात २००२ मध्ये सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र कायदा आला. न्यूझीलंडमध्येही चौकशी झाली आणि पुढे पाण्यावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला गेला: क्लोरिन कुणी मोजायचं, कुठे लिहायचं आणि ते कुणाला दिसायला हवं?

पुण्यात पैसा कमी नाही, तज्ज्ञही कमी नाहीत. विषाणूंचा शोध घेणारी देशातली अग्रगण्य संस्था त्याच शहरात आहे. ज्या शहरात आमचे निम्मे मित्र जगभरच्या बँकांचे सर्व्हर मिनिटामिनिटाला तपासत बसतात, तिथे वॉर्डावॉर्डातल्या नळाच्या क्लोरिनचा रोजचा आकडा नागरिकांना सहज पाहता यावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. त्यासाठी नवं धरण लागत नाही. एक तपासणी किट, एक माणूस आणि खरी नोंद लागते.

लशींबद्दल दोन शब्द

जीबीएस म्हटलं की लशींचा विषय निघतोच. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली गेली. तेव्हा लाखात साधारण एक जास्तीचा जीबीएस रुग्ण आढळला आणि मोहीम थांबवली गेली. अलीकडे काही कोविड लशींबाबत आणि २०२५ च्या जानेवारीत ज्येष्ठांच्या आरएसव्ही लशींबाबतही अमेरिकी औषध प्रशासनाने असा इशारा पत्रकात घालायला लावला. धोका आहे, पण अत्यंत कमी. ज्यांना पूर्वी जीबीएस किंवा मिलर फिशर होऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपावरून लस चुकवू नये.

आपण काय करू शकतो?

- तिकडच्या घरी पाणी खळाखळा उकळून प्यायची सवय ठेवा. त्याने कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस दोन्ही मरतात.
- आरओ मशीन पाण्यातला क्लोरिनही काढून टाकतं. त्यामुळे ते पाणी दिवसचे दिवस साठवू नका आणि फिल्टर वेळेवर बदला.
- सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा. क्लोरिन तपासायचं साधं किट फार महाग नसतं. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन असायला हवा, असं भारतीय मानक सांगतं.
- कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर पसरतात. नीट शिजवलं की झालं.
- पुण्यात फ्लॅट घेणाऱ्या मित्रांनो, क्लबहाऊस आणि स्विमिंग पूलच्या आधी एक प्रश्न लेखी विचारा: पिण्याचं पाणी कुठून येणार, आणि महापालिकेची जोडणी प्रत्यक्ष सुरू आहे का? 'लवकरच होईल' हे उत्तर धरायचं नाही. बिल्डरला पुण्यातल्या दहा गिऱ्हाइकांनी विचारलेल्या प्रश्नापेक्षा डॉलरमध्ये पैसे मोजणाऱ्या एकाचा प्रश्न जास्त ऐकू येतो. हे बरोबर नाही, पण खरं आहे, तर त्याचा उपयोग तरी करून घेऊ.

आपल्या मंडळात डॉक्टर मंडळी बरीच आहेत. त्यांनी या लेखात भर घालावी, काही दुरुस्त्या असतील तर जरूर कळवाव्यात. बाकीच्यांना एकच विनंती. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीच्या चौकशीत दोन प्रश्न वाढवा: पाणी सध्या कुठून येतंय, आणि टाकी शेवटची कधी धुतली? उत्तर 'माहीत नाही' असं आलं, तर सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर मागून घ्या.